अमिताताईचा सत्कार

चंदीगड

बाबा,

दुरूनच तुमच्या अन् आईच्या पाया पडते. मी मजेत आहो. बोट थोडं सुजलं आहे, पण आईले सांगू नका.

काल बेसबॉलची स्पर्धा संपली. इतकी वर्षं आमच्या टीमसाठी खेळली म्हणून आपल्या सौंसरच्या अमिताताईचा सत्कार झाला. मोठ्या शहराच्या टीमनं तिले नोकरी देऊन बोलावलं होतं, पण ती आम्हा पोरींले सोडून गेली नाही.

ताई कॅचर आहे, म्हणजे बॅटवालीच्या मागं उकिडवी बसून चेंडू झेलते. फायनलच्या आधी तिनंच कोचले म्हटलं, "माझे गुडघे थकले. माझ्या जागी चंचलले बसवा."

मी रडकुंडीले आली. ती म्हणे, "भेऊ नको, मी बाजूलेच आहो." पूर्ण मॅच ती बाहेरून मले हिंमत देत राहिली. आम्ही एका रननं हरलो, बाबा.

सत्कारात माइक हाती आल्यावर ताई एवढंच बोलली, "आमची नवी कॅचर पाहिली ना?" अन् मले उभं केलं.

कापूस वेचणं सुरू झालं का? आईचा खोकला कसा आहे?

रविवारी ताईले घेऊन घरी, रामाकोन्याले येते. तिच्या घरी वाट पाहणारं कोणी नाही. बसस्टँडवर हार घेऊन या, पण माझ्यासाठी नाही.

तुमची लाडाची,
चंचल