दहाव्या मिनिटाला

लॉस एंजेलिस

प्रिय आई,

टोरांटो सोडून इथे आल्यापासून मी पडद्यावर एकोणीस वेळा मेलो. दर वेळी माझ्यावर बंदूक रोखली की तू टीव्ही बंद करून माझ्या फोटोची दृष्ट काढतेस आणि मालिनीमावशीला सांगतेस, "नीरदचं काम छान चाललंय."

नव्या सिरीजमध्ये मी शेवटच्या एपिसोडपर्यंत जगतो, हे मी फोनवर बोलून बसलो. तू लगेच तुमच्या तिकडच्या, रेडमंडमधल्या सगळ्या काकूंना शनिवारी बघायला बोलावलंस.

आई, मी जगतो, कारण या वेळी खुनी मीच आहे. पहिला खून स्वतःच्या आईचा करतो. तिच्या अंगावर तुझी निळी शाल आहे, मीच हौसेने सेटवर नेलेली.

हे पत्र पाठवायचा धीर होत नाही. पण सवय मोडू नकोस. दहाव्या मिनिटाला टीव्ही बंद कर आणि या वेळी दृष्ट तुझी काढ.

तुझा जिवंत मुलगा,
नीरद