बाबांचा कॉम्प्युटर बंद होता तेव्हा

३ सप्टेंबर, बुधवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुम्ही तिघं तिकडे बरे असाल. इकडे बाबांचे टाके काल काढले. जखम कोरडी आहे, ताप नाही, खाणं थोडं थोडं सुरू झालंय. संध्याकाळी दारापर्यंत चालत जाऊन आले. लेकीला सांग, तिने पाठवलेलं चित्र आजोबांच्या पलंगासमोर लावलंय.

रीतीप्रमाणे लिहायचं ते लिहून झालं. आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते.

शनिवारी आम्ही दवाखान्यातून घरी आलो आणि तासाभरात तुझा फोन आला. मी बाबांना अजून नीट आडवंही केलं नव्हतं. तू विचारलंस, "ताई, पाच दिवस दुखत होतं आणि तुला कळलं नाही?" मी काय उत्तर दिलं ते तुला आठवत असेल. तेव्हापासून ते तुझं वाक्य माझ्या डोक्यात घण घालतंय. फोनवर तू मला कधी पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. कागद मध्ये बोलत नाही.

तू ऑगस्टमध्ये चार दिवस आलास. आल्या आल्या बाबांच्या कॉम्प्युटरवर कसलीशी खोटी सूचना पाहिलीस आणि म्हणालास, म्हातारी माणसं काहीही दाबतात, याला चांगलं संरक्षण हवं. मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरच्या सुरक्षेचं काम करणारा माणूस तू, मी कोण बोलणार. त्या शनिवारी दुपारी तू संरक्षणाचं नवं सॉफ्टवेअर टाकलंस, आमच्यापैकी कोणी चुकून काढू नये म्हणून त्याला पासवर्ड लावलास, आणि रविवारी सकाळी गाडीत बसून गेलास. एकदा बंद करून चालू करून पाहण्याइतकाही थांबला नाहीस.

सोमवारी सकाळी मी बटण दाबलं. पडदा उजळला, मागचं चित्र आलं, खाली एक कोपरा काळाच राहिला आणि बाण जागच्या जागी गोठला. अर्धा तास वाट पाहिली. बंद करून चालू केला. तेच. बाबा खुर्चीत बसून एकदा पडद्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होते.

तुला ठाऊक आहे ते पुन्हा लिहिते, कारण तू विसरतोस. घशाच्या ऑपरेशननंतर या माणसाला आवाज नाही. हात थरथरतात म्हणून पेन धरता येत नाही. त्या जुन्या कॉम्प्युटरवर एक एक की दाबायची आणि तो प्रोग्राम ते वाचून दाखवणार, एवढंच त्यांचं तोंड. थरथरत्या बोटाने एक की चारदा दाबली गेली तरी अक्षर एकदाच उमटावं ही सोय तूच करून दिली होतीस, ते मी नाकारत नाही. पण एकतीस वर्षं बसस्टँडवर माइकसमोर बसून ज्याने गावाला गाड्या सांगितल्या, त्या माणसाच्या उरल्यासुरल्या तोंडाला तू कुलूप लावून गेलास आणि किल्ली खिशात घेऊन गेलास.

सोमवारी मी तुला तीन फोन केले. तू म्हणालास, रिस्टार्ट कर. मंगळवारी म्हणालास, पुन्हा रिस्टार्ट कर, आणि नाहीच झालं तर त्या सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या मदतीच्या नंबरवर बोल. बुधवारी दुकानातून अर्धी रजा घेऊन मी तो नंबर लावला. चाळीस मिनिटं संगीत ऐकलं. मग एका बाईंनी सांगितलं की नोंदणी बाबांच्या नावावर आहे, तेव्हा त्यांनी स्वतः बोलून ओळख पटवावी लागेल. मी म्हटलं, त्यांना बोलता येत नाही. त्या म्हणाल्या, फक्त नाव आणि जन्मतारीख सांगितली तरी चालेल. मी पुन्हा म्हटलं, त्यांना आवाजच नाही हो. त्या म्हणाल्या, मग ते उपलब्ध असतील तेव्हा फोन करा. बाबा माझ्या शेजारी बसले होते. इतके उपलब्ध की त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता.

गुरुवारी बाजारातल्या दुरुस्तीवाल्या बाई घरी आल्या. पन्नाशीच्या आहेत, मोजकं बोलतात. त्यांनी तो कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये चालू केला, म्हणजे अगदी आवश्यक तेवढंच सुरू करून बाकी सगळं निजवून ठेवायचं, आणि पाच मिनिटांत रोग सापडला. आधीपासून एक संरक्षणाचं सॉफ्टवेअर त्यात होतंच. तू न पाहता त्यावर दुसरं बसवलंस. चालू होताना दोघं एकदमच जागे होतात, प्रत्येक फाइल दोघंही तपासायला धरतात, एकमेकांवरही संशय घेतात, आणि त्या जुन्या मशीनचा जीव तो केवढा. बाई म्हणाल्या, एका दारावर दोन पहारेकरी बसवलेत आणि दोघं एकमेकांनाच आत सोडत नाहीत. नवं काढून टाकलं की झालं. पण काढायला गेल्या तर पासवर्ड मागितला. पासवर्डशिवाय करायचं तर सगळं पुसून काढावं लागेल, म्हणजे बोलणारा प्रोग्रामही जाईल, आणि तो आता कुठे मिळत नाही. म्हणून त्या म्हणाल्या, भावाकडून पासवर्ड घ्या आणि मला फोन करा, दहा मिनिटांचं काम आहे. जाताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या.

मी तुला त्यांच्यासमोरच फोन केला. तू मीटिंगमध्ये होतास. "संध्याकाळी देतो," असा निरोप आला. संध्याकाळी आला नाही.

आता इथपर्यंत वाचून तू म्हणशील, पासवर्ड मी शुक्रवारी पाठवला होता. शनिवारी फोनवरही तू तेच म्हणालास. आणि मी म्हटलं की पाठवला होतास, पण तो चालला नाही.

धाकट्या, मी तो टाकूनच पाहिला नव्हता.

हे वाक्य लिहून मी उठले होते. गॅस पुसला, कपडे घड्या केले, परत येऊन बसले. खोडणार नाही.

तुझा निरोप शुक्रवारी दुपारी आला तेव्हा मी जेवून आडवी झाले होते. बाबांना सांभाळायला लागल्यापासून चार वर्षांत पहिल्यांदा, दुपारी. घर शांत होतं. तुला ती शांतता काय ते कळणार नाही, कारण तू असतोस तेव्हा बाबा वेगळे असतात. तुझ्यासाठी ते लांबलचक वाक्यं टाइप करतात, तुझ्या कामाचं विचारतात, जुने विनोद सांगतात. माझ्यासाठी आहेत ते हुकूम. चहा पातळ. दार लाव. भाजी कालचीच. तू कुठे होतीस. त्या यंत्राला प्रश्न आणि आरोप यांतला फरक कळत नाही, सगळं एकाच सुरात. दुकानातून यायला दहा मिनिटं उशीर झाला की मी चप्पल काढायच्या आत ते ओरडतं, तू कुठे होतीस. दिवसाला शंभरदा. तू होतास त्या शनिवारी त्यांनी तुला टाइप करून सांगितलं, हिला माझा कंटाळा आलाय. तू हसलास. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. भिंत काही इतकी जाड नाही.

तर मी तुझा निरोप वाचला आणि फोन उशाखाली ठेवला. म्हटलं, आजचा दिवस. मग म्हटलं, शनिवार-रविवार जाऊ दे. रविवारी शाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला, तिला गॅलरीत उभं राहून हसत सांगितलं, "अगं, पासवर्ड आलाय, पण घाई कोणाला आहे? बिघडलंय तेच बरं आहे."

सोमवारी बाबांनी पोटावर हात ठेवला. मी विचारलं, जळजळतंय का? त्यांनी मान हलवली, हो की नाही ते पाहायला मी थांबले नाही. पित्ताची गोळी दिली आणि दुकानात गेले. मंगळवारी पुन्हा गोळी. अक्षरांचा पुठ्ठा करून दिला होता, त्यावर त्यांचं बोट तीन अक्षरांमध्ये थरथरत राहायचं. मी वैतागून भलताच शब्द सांगायचे आणि ते पुठ्ठा ढकलून द्यायचे. बुधवारी त्यांनी जेवण परत केलं. मला वाटलं, रुसलेत. गुरुवारी दिवसभर ते त्या कॉम्प्युटरसमोर बसून कळा दाबत होते. पडदा तसाच गोठलेला. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते आणि ती टकटक ऐकत होते. अर्धा तास. मग थांबली. मग पुन्हा. मी उठून दार लोटून घेतलं.

मी औषधाच्या दुकानात उभी असते. उजव्या बरगडीखाली हात दाबून कोणी माणूस काउंटरशी आला असता तर मी त्याला गोळी दिली नसती, सरळ डॉक्टरकडे पिटाळलं असतं. परक्याला पिटाळलं असतं.

शुक्रवारी सकाळी ते बाथरूमच्या दारात कोसळले. अंग तापलेलं, डोळे पिवळट. पुढचं तुला डॉक्टरांनी सांगितलंच, पित्ताशय सडायला लागलं होतं, आणखी एक दिवस गेला असता तर उपयोग नव्हता. पण एक गोष्ट डॉक्टरांनी तुला सांगितली नसेल. त्यांनी विचारलं, कधीपासून दुखतंय? मी म्हटलं, दोन दिवस. स्ट्रेचरवरून बाबांनी हात वर केला. पाची बोटं, थरथरणारी. डॉक्टरांनी त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि कागदावर पाच लिहिलं.

आणि तू. ते दवाखान्यात होते त्या आठ दिवसांत तू आला नाहीस. सही लागली तर कळव, म्हणालास. पैसे पाठवू का, म्हणालास. तुझी बायको रोज फोन करायची, तिला माझा आशीर्वाद सांग. आणि सगळं निभावल्यावर फोन करून विचारलंस, पाच दिवस तुला कळलं कसं नाही. मी तुझ्यावर इतकी चिडले की मला स्वतःचा विसर पडला. ते सोयीचं होतं. दोन दिवस मी तुझ्या नावाने भांडी आपटली, आणि त्या दोन दिवसांत एकदाही मला तो फोन उशाखाली ठेवल्याचं आठवावं लागलं नाही.

परवा, सोमवारी, मी त्या बाईंना बोलावलं. पासवर्ड टाकला. पहिल्याच फटक्यात चालला. नवं काढलं, जुनं होतं ते ठेवलं, एकदा नाही, तीनदा बंद करून चालू करून पाहिलं. खरोखर दहा मिनिटं लागली. बाई गेल्यावर मी बाबांना उशीला टेकवून बसवलं, कीबोर्ड मांडीवर दिला. मग मीच आधी बोलले. पासवर्ड कधी आला, मी का टाकला नाही, डॉक्टरांना काय सांगितलं, सगळं. त्यांच्याकडे बघवत नव्हतं म्हणून चादरीच्या कडेकडे बघून बोलले.

ते बराच वेळ कळा दाबत होते. मग यंत्र बोललं, "माहीत आहे. गॅलरीतलं ऐकलं. माझा आवाज गेलाय. कान नाही."

म्हणजे रविवारपासून त्यांना माहीत होतं. मी विचारलं, कॉम्प्युटर बंद आहे हे ठाऊक होतं, मी मुद्दाम बंद ठेवलाय हेही ठाऊक होतं, मग गुरुवारी दिवसभर कळा कशाला दाबत होतात?

यंत्र म्हणालं, "तू यावंस म्हणून."

त्याच सुरात, धाकट्या. चहा पातळ म्हणतं त्याच सुरात.

मी रडले वगैरे ते तुला सांगत बसत नाही. संध्याकाळी आम्ही दोघं बोललो, म्हणजे मी बोलले आणि त्यांनी टाइप केलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं की तू थकतेस का. मी हो म्हटलं. मी त्यांना सांगितलं की मला काही महिने कोणाचाही आवाज नको आहे, त्यांचासुद्धा. त्यांनी टाइप केलं, "मला पण तुझा." आम्ही दोघं हसलो. त्यांच्या टाक्यांना ताण बसला.

तेव्हा ठरलंय ते असं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तू येशील आणि बाबांना, त्यांच्या कॉम्प्युटरसकट, तुझ्याकडे घेऊन जाशील. तीन महिने. ते तयार आहेत, मी विचारलंय, जबरदस्ती नाही. जागा लहान आहे, कामं आहेत, जिना आहे, हे सगळं मला माहीत आहे. माझ्याकडेही हे सगळं होतं. दिवसाला शंभरदा तुला हाक येईल. नव्व्याण्णव वेळा काही नसेल. शंभराव्या वेळी उठायचं की नाही ते तुला बसल्या जागेवरून ओळखता येणार नाही, तेव्हा शंभरदा उठ. हे मी तुला शिक्षा म्हणून सांगत नाही, असं लिहिणार होते. थोडं शिक्षा म्हणूनच सांगतेय.

मी काय केलं ते आता तुला कळलंय. माफी मागायची ती मी त्यांच्याकडे मागितली, तुझ्याकडे मागणार नाही. तू तुझं काय ते त्यांच्यासमोर बसून बघ.

उत्तर कागदावर दे. फोनवर आपण दोघंही खोटं बोलतो.

तुझी,
ताई