भूकंपाचे पाच परिणाम

आपा, मी तुमच्याशी एकदा खोटं बोललो आणि त्या खोट्याला तुम्ही चांगले गुण दिलेत. सगळं कॉलेज तुम्हाला थोरल्या बहिणीसारखं आपा म्हणायचं; तुम्ही गेलात त्यालाही आता बरीच वर्षं झाली. नांदेडला तुम्ही जो विषय आम्हा मास्तरांना शिकवायचात, तोच आता मी शिकवतो. फक्त नाव बदललंय. तुमच्या वेळी 'एकात्म शिक्षण' होतं, आता 'समावेशक शिक्षण' म्हणतात. हे ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "पाटी बदलली म्हणून दुकान बदलत न्हाई, गुरुजी." दुकान तेच आहे. आठवडाभर शाळा करून, दमूनभागून, शनिवार-रविवारी एम.एड.ला येणारे शिक्षक तसेच मागच्या बाकावर डुलक्या घेतात. त्यांच्यापुढं उभा राहून मी तुमचीच वाक्यं माझी म्हणून सांगतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

मी तुमच्याकडं आलो तेव्हा कसा होतो ते तुम्हाला माहीतच आहे. लातूरच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवायचो आणि सकाळ-संध्याकाळ एका क्लासमध्ये तासाला जायचो. भूकंपानंतरचं ते लातूर अजब होतं. एकीकडं गाव उठून आलेली माणसं पत्र्याच्या शेडमधून निघून कुठं नुकती स्थिरावत होती. दुसरीकडं गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या लागत होत्या आणि लोक घरातली पुढची खोली परभणी-बीडच्या पोरांना भाड्यानं देत होते. त्या बाजारात माझं नाव होतं ते मुद्द्यांसाठी. कुठलाही प्रश्न आणा, मी त्याचे पाच मुद्दे पाडून द्यायचो, प्रत्येक मुद्द्यात एक शब्द अधोरेखित. पोरांना झोपेतून उठवून विचारलं तरी घडाघडा म्हणायची. तुमच्या एम.एड.ला मी आलो तेसुद्धा, खोटं कशाला बोलू, समाजसेवेच्या कळवळ्यानं नव्हे. मुख्याध्यापक व्हायचं होतं आणि ती पदवी कुणाकडंच नव्हती. अपंग मुलांविषयी मला काय ठाऊक? कपाळ!

रविवारी लातूरहून पहिली एसटी धरून यायचो. तुमचे तास कॉलेजात व्हायचे, पण खरा वर्ग तुमच्या स्वयंपाकघरातच भरायचा. दुपारी तुम्ही आम्हा सात-आठ जणांना घरी न्यायचात, खिचडी आणि चिंचेचा आंबटढाण खट्टा वाढायचात आणि जेवताजेवता एकेकाला सोलून काढायचात. एकदा आमच्यातल्या एकानं हात बांधून दोन तास बसल्याचा प्रयोग फार भारावून सांगितला, तर तुम्ही म्हणालात, "दोन घंट्यांनी सोडला ना हात? मग काय कळलं तुम्हाला? घ्या, पापड घ्या." मुखेडचे ते गुरुजी आठवतात? बोलताना अडखळायचे. एक शब्द घशाशी आला की मिनिटभर तिथंच. मला काही धीर निघायचा नाही, त्यांचं वाक्य मीच पुरं करून टाकायचो, आणि वर आपण केवढी मदत केली असं वाटायचं. एक दिवस तुम्ही खिचडीचं उलथनं तसाच हातात धरून माझ्याकडं वळलात. "वाक्य त्यांचं हाय, गुरुजी. तुम्ही कशाला घाई करून राहिलात? तुमची बस सुटून राहिली का?" सगळे हसले. ते मुखेडचे गुरुजीपण हसले, आणि मग त्यांनी आपलं वाक्य सावकाश पुरं केलं. मी समजत होतो त्यापेक्षा ते अगदी वेगळं निघालं. तरी मला राग आला होता तुमचा. बसमध्ये उदगीरच्या फाट्यापर्यंत मनातल्या मनात भांडत गेलो.

मग तुम्ही प्रात्यक्षिक दिलंत. प्रत्येकानं आपल्या शाळेतलं एक मूल घ्यायचं, वर्षभर त्याच्याबरोबर काम करायचं आणि एका परीक्षेत त्याचा लेखनिक होऊन बसायचं. मूल बोलेल ते लिहायचं, बस्स. आम्ही म्हणालो, हे तर नववीचं पोरही करतं. तुम्ही म्हणालात, "नववीचं पोर करंल. तुम्हाला जमतं का ते बघायचंय मला."

माझ्या दहावीच्या वर्गात एक मुलगी होती. भूकंपात भिंत पडली तेव्हा ती सहा वर्षांची. आई आणि धाकटा भाऊ गेले, ती आणि वडील राहिले. तिचा उजवा हात कोपरापासून नव्हता आणि डाव्याची बोटं मिटत नव्हती. वडील धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचे. पोरगी मोठी तोंडाळ, वर्गात सगळ्यांना पुरून उरायची. मी तिला लेखनिकाचं सांगितलं तेव्हा तिनं मला खालून वरपर्यंत पाहिलं. "सर, म्या सांगते तेवढंच लिवा बरं का. मागल्या टायमाला त्या नववीच्या पोरीनं तिच्या मनानं लिवलं. मला मास्तरीण व्हायचंय. दुसऱ्याच्या अकलेनं पास झाले तर पुढं वर्गात काय सांगू?" मी म्हणालो, "अगं, मी शिक्षक आहे. मला सांगतेस का हे?"

पूर्वपरीक्षेचा भूगोलाचा पेपर. शाळेनं आम्हाला प्रयोगशाळेत बसवलंय, बाकी पोरांना तिच्या बोलण्याचा त्रास नको म्हणून. ती बाकावर, मी शेजारी स्टुलावर, मध्ये उत्तरपत्रिका. पहिले प्रश्न नीट चाललेत. ती सांगते, मी लिहितो. नदीच्या प्रश्नात तिनं एक चूक केली, ती मी तशीच लिहिली आणि स्वतःवर खूश झालो. मग सातवा प्रश्न आला: भूकंपाचे परिणाम लिहा. मी तो वाचून दाखवला.  ती खिडकीकडं पाहायला लागली. मला वाटलं, आता हिला रडू येणार, पण नाही. ती बोलायला लागली. हळूहळू, थांबत थांबत, आणि मग न थांबता. आणि माझा हात, आपा, माझा हात लिहायला लागला. जीवितहानी. वित्तहानी. भूपृष्ठातील बदल. भूजल पातळीतील बदल. सामाजिक व मानसिक परिणाम. पाच मुद्दे, प्रत्येकात एक शब्द अधोरेखित. मी काही ठरवून केलं नाही. पोरीचे गुण जाऊ नयेत असं वाटलं म्हणावं, तर तेवढंसुद्धा वाटलं नव्हतं. हाताला सवय होती. ती बोलायची थांबली तेव्हा माझं लिहून होऊन मी पुढच्या प्रश्नावर बोट ठेवून बसलो होतो.

भूगोलात ती शाळेत पहिली आली. परिपाठाला तिला पुढं बोलावून टाळ्या वाजवल्या. त्याच दुपारी ती व्हरांड्यात माझी वाट पाहत उभी होती, उत्तरपत्रिका काखेत दाबून. तिला लिहिता येत नव्हतं, वाचता तर येत होतं! मला हे सुचलंच नव्हतं बघा. ती म्हणाली, "सर, सातव्याचं हे म्या सांगितलं न्हाई." मी म्हणालो, "अगं, अर्थ तोच आहे. परीक्षेच्या भाषेत लिहावं लागतं." ती म्हणाली, "अर्थ त्यो न्हाई, सर." मी जरा चिडूनच म्हणालो, "गुण मिळाले ना?" "हाव. मिळाले," ती म्हणाली आणि पेपर माझ्या हातात देऊन निघून गेली. तो पेपर मी तुमच्या फाईलला लावला, मुलीची प्रगती म्हणून.

तुम्हाला फाईल पुरायची नाही. "कागद नको, पोरीला आणा," असा निरोप आला. ती आणि तिचे वडील माझ्याबरोबर नांदेडला आले. वडिलांनी मोंढ्यातला एक दिवस बुडवला होता. तोंडी परीक्षेला तुम्ही, मी आणि ती. तुम्ही सातवा प्रश्न वाचलात, परत वाचलात. मग चष्मा काढून मला विचारलंत, "हे तर क्लासच्या नोट्सवानी वाटून राहिलं. कुणाचं हाय?" मी म्हणालो, "तिचंच. माझ्या तासाला ऐकून ऐकून पाठ झालंय."  तुम्ही तिच्याकडं वळलात. "बेटा, हे तुझं हाय?" तिनं माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं काय होतं ते मला कळत होतं. तिला माझ्याकडून एक शब्द पाहिजे होता आणि मी टेबलाच्या कडेला नख घासत बसलो. मग ती म्हणाली, "हाव, आपा. माझंच हाय." तुम्ही तिच्या पाठीवरून हात फिरवलात आणि माझ्या फाईलवर सही केलीत. जेवायला थांबा म्हणालात. तिनं पोट दुखतंय म्हणून सांगितलं. बसमध्ये ती वडिलांच्या पलीकडं, खिडकीशी बसली. 

बोर्डाला ती आपल्या बळावर पास झाली, पण भूगोलात पूर्वपरीक्षेपेक्षा बरेच गुण कमी पडले. लोक बोलायचे ते बोललेच. पूर्वपरीक्षेत पुस्तक उघडून सांगितलं असेल पोरीनं, अशी शाळेत कुजबुज झाली. तिचे वडील माझ्याकडं येऊन म्हणाले, "सर, पोरगी ऐन टायमाला आळशी झाली जी. तुम्ही येवढं केलं, तिनं मातीत घातलं." मी त्यांना चहा पाजला. दोन शब्द बोललो असतो तर ते पोरीला मान ताठ करून घेऊन गेले असते. माझी पदवी नुकतीच हातात आली होती. मी बोललो नाही. लाज वाटते, आपा. तेव्हाही वाटत होती, पण पचली.

आता ऐका. ती मास्तरीण झाली. चाकूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, आणि यंदा आपल्या एम.एड.ला आली. प्रवेशाच्या यादीत मी नाव वाचलं आणि पाणी प्यायलो. पहिल्या दिवशी तिनं वाकून नमस्कार केला, "ओळखलंत का, सर?" म्हणाली. मनगटाला पट्टा बांधून त्यात पेन अडकवते आणि सरसर लिहिते. अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. शिकवलेलं सगळं उलटसुलट विचारते. बाकीचे शिक्षक तिला जरा टरकूनच असतात. जुन्या गोष्टीचा एक शब्द तिनं काढला नाही. मला वाटलं, विसरली असेल. चोराच्या मनात चांदणं, तरी मी स्वतःला तसंच समजावलं.

गेल्या रविवारी लेखनिकाचा धडा होता. दरवर्षी त्या धड्याला मी एक गोष्ट सांगतो: माझ्या ओळखीचे एक शिक्षक होते, त्यांच्यापुढं भूकंपात हात गेलेली मुलगी बोलत होती आणि ते पाच मुद्दे लिहीत होते. रंगवून सांगतो. मुद्दे बोटांवर मोजून दाखवले की वर्ग हसतो, आणि शेवटी सगळे गंभीर होतात. इतक्या वर्षांत इतक्या वेळा सांगितलीय की त्या रविवारीही जीभ तिच्या वाटेनं निघाली. 'एक शिक्षक' म्हणून झालं आणि मग मला ती दुसऱ्या रांगेत दिसली. तिथं थांबायला पाहिजे होतं. पण मी पुढं रेटलं. पाचही बोटं मोजली. वर्ग हसला. ती हसली नाही, रागावलीही नाही. पट्ट्यातलं पेन तसंच कागदावर टेकलेलं. मग तिनं हात वर केला.

"सर, त्या मुलीनं मुळात काय सांगितलं होतं?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. एक जण म्हणाला, "खरंच की, सर." मी पुस्तकाचं पान उलटलं. म्हणालो, "त्याची नोंद उपलब्ध नाही." शासनाच्या पत्रासारखं तोंडातून निघालं. ती "बरं, सर" म्हणाली आणि खाली मान घालून लिहायला लागली. तास संपल्यावर मी मुद्दाम टेबलाशी रेंगाळलो. तिनं दप्तर खांद्याला लावलं, "येते, सर," म्हणाली आणि चाकूरची बस धरायला गेली. म्हणजे एकदा तुमच्यासमोर आणि एकदा भर वर्गात, दोन्ही वेळा तिनंच मला सांभाळून घेतलं.

मला माहीत नाही, आपा. ती काय बोलली ते मला माहीत नाही. पाच मुद्दे क्रमानं पाठ आहेत, खिडकीवर मारलेला हिरवा रंग आठवतो, तिच्या फ्रॉकच्या बाहीला लावलेली सेफ्टी पिन आठवते. माझ्यापासून हातभर अंतरावर ती तिच्या आईविषयी बोलली की भावाविषयी, की त्या सकाळविषयी, एक अक्षर सांगता येत नाही. मी ऐकतच नव्हतो.

हे पत्र कुठं टाकायचं? तुम्हाला ते पोचणार नाही, हे मला बसल्या जागी ठाऊक होतं, आणि म्हणूनच इतकं भडाभडा लिहिता आलं. उत्तर येण्याची भीती नाही. खरं म्हणजे हे लिहायला पाहिजे होतं तिला, आणि तिचा पत्ता तर माझ्या टेबलावर, हजेरीपटात आहे.