पाण्यात ठेवलेला गूळ

मेहकर,
२० फेब्रुवारी १९६३

प्रिय भालचंद्र,

बाबा परवापासून चुलीपुढे बसून कापसाच्या पऱ्हाटीच्या वाळक्या काड्या नखाने सोलत असतात, हे तुला खरं वाटेल का? गेल्या महिन्यात याच बाबांनी तुझं स्थळ घेऊन आलेल्या भगवानराव मामांना चहाही पुरता पिऊ दिला नव्हता. "दारू काढनाऱ्याच्या घरी पोरगी द्याची नाई मले!" मामांनी बिचाऱ्यांनी नीट सांगितलं होतं, की मुलगा नागपूरच्या प्रयोगशाळेत आहे, पऱ्हाटी आम्लात उकळून तिची साखर करतो, ती पडद्यातून वेगळी काढतो, मग आंबवून इंजिनासाठी स्पिरिट. बाबांनी त्यातलं फक्त 'आंबवून' ऐकलं. दारूबंदीच्या दिवसांत आणखी काय ऐकणार? मी खूप रडले, आणि मग रागाने घरातले सगळे डबे घासून काढले.

तर झालं असं. शाळेत मुलींना दाखवायला तू सेलोफेनचा कागद पाठवला होतास ना, तो आईच्या हाती लागला. काचेसारखा चकचकीत, म्हणजे यातून पाणी जायचं नाही असं तिला वाटलं. घरात मुंग्यांचा उच्छाद. तिने संक्रांतीचा उरलेला गूळ त्यात घट्ट बांधला आणि पिशवी पाण्याच्या परातीत ठेवून दिली. सकाळी पाहतो तर पिशवी टम्म फुगलेली, आणि मुंग्या परातीच्या काठाला रांग लावून पाणी पिताहेत! आई माझ्यावरच चिडली, असला कसला तुझ्या त्या नागपूरवाल्याचा कागद म्हणून. बाबांनी परातीत बोट बुडवून चाखलं. पिशवी उजेडात धरून चाचपली. "फाटली नाई, गाठ सुटली नाई, मंग गोड बाहेर आलं कसं पोरी?" आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी मला काही विचारलं, भालचंद्र.

मी परातीपाशीच बसकण मारली. सांगितलं, की कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात, साखर बारीक म्हणून निसटते, मोठा गाळ आत अडकतो. तूही पऱ्हाटीच्या काढ्यातून साखर अशीच काढतोस. बाबांनी सरपणातली पऱ्हाटीची एक काडी उचलून नखाने सोलली. मग म्हणाले, "म्हंजे आपन दरसाल साखर चुलीत घालून राह्यलो?" तेव्हापासून काड्या सोलणं चालू आहे. काल शेजारच्या शेषरावांना त्यांनी 'आमचा जावई' असं म्हणत हे सगळं, थोडं चुकीचं, समजावून सांगितलं. मी दाराआड उभी होते. इतका आनंद झाला, की भाजी करपली.

मामांना लग्नाच्या बैठकीचा निरोप बाबा पाठवतीलच. मी घाईने लिहितेय ते तुझ्या काल आलेल्या पत्रामुळे. बाबांनी हो म्हणावं म्हणून प्रयोगशाळा सोडून कचेरीत कारकून व्हायचं ठरवलंस, सोमवारी राजीनामा देतोस, असं लिहिलंस. देऊ नकोस. बाबा राजी झालेत ते पऱ्हाटीतून साखर काढणाऱ्याला. कारकून होऊन आलास तर ते पुन्हा नाही म्हणतील, आणि या खेपेला मी त्यांच्या बाजूने असेन.

तुझीच,
स्नेहलता