मेहुण्याचे स्पीकर आणि उजव्या बाजूची फरफर

हुडकेश्वर, नागपूर
२ जानेवारी १९८४

प्रिय देवराव यास,

बाबारावचा नमस्कार, घरच्या सर्वांना यथायोग्य. खापरखेड्याची राख तुझ्या छातीला कितपत मानवते आहे? वहिनींची कंबर थंडीने धरली असेल तर तिळाचं तेल कोमट करून चोळायला सांग (हे आमची ही सांगते, मी नुसता लिहितो). आमचं सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. खरं म्हणजे मी फार थकलो आहे, आणि कशाने ते ऐकून तू हसशील. हस बापा.

माझे थोरले मेहुणे मधुसूदनराव मस्कतला असतात, हे तुला ठाऊक आहेच. गेल्या उन्हाळ्यात ते बहिणीसाठी एक टेप आणि दोन जपानी स्पीकर घेऊन आले. स्पीकर कसले, धान्याच्या कोठ्याच! त्या घरात आल्या तेव्हा दिवाण व्हरांड्यात गेला, आणि दिवाणावर निजणारा मीही. "याले शोभेल असा ॲम्प्लिफायर तेवढा तुमी इथं पाहून घ्या," एवढं बोलून मेहुणे विमानात बसले. माहेरची वस्तू, देवराव! साडी असती तर नेसून जुनी झाली असती. हे स्पीकर बोलेपर्यंत माझी सुटका नव्हती.

पहिला ॲम्प्लिफायर लग्नात भोंगे लावणाऱ्या कवडूकडून आणला. टेप लावताच डावा स्पीकर गायला लागला आणि उजव्यातून फरफर सुरू झाली, वाऱ्यात पतंग फडफडतो तशी. कवडू कान लावून म्हणाला, "ॲम्प्लिफायर जोर लावून राहिला जी, पन याची उजवी बाजू कमजोर आहे." मग कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे मार्तंड सर आले. त्यांनी कॅलेंडरच्या मागे ओहम आणि वॉटचं गणित मांडलं, पत्रिका जुळत नाही म्हणाले आणि स्वतःचा जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणून जोडला. फरफर तीच. मात्र तो इतका तापायचा की डिसेंबरात त्याच्याशेजारी दही झकास लागायचं, त्यामुळे तो परत करताना हिलाही वाईट वाटलं. तिसरा सीताबर्डीवरून विकतच आणला. त्याला निळे दिवे आहेत. दुकानदार म्हणाला होता, हत्तीला चारा हत्तीचाच लागतो. चारा घातला, तरी उजवीकडून फरफर! तिघांचाही उजवाच हात लुळा निघावा, हे माझंच नशीब.

स्पीकर एकदा उघडून बघावा असं मला दोनदा सुचलं होतं. पण त्याच्या पुढच्या कापडाला कोणी बोट लावलं तरी ही आडवी येते. "माह्या दादाच्या वस्तूले कोनी हात लावाचा नाही!" माहेरचा अभिमान, दुसरं काय.

आता मुद्दा. संक्रांतीच्या संध्याकाळी मधुसूदनराव येत आहेत, खास स्पीकर ऐकायला. फरफर ऐकून ते तीळगूळ देतील, गोडही बोलतील, पण मनात म्हणतील की बहिणीला धड वाजवून दाखवेल असा नवरा मिळाला नाही. ते मला सोसवणार नाही. असो. प्रकृतीला जप.

तुझा,
बाबाराव

ता. क. – तू वीजघरात आहेस. कोळशाच्या वाघिणी मोजतोस हे मला माहीत आहे, तरी बटणाजवळ बसणाऱ्या कोणाशी तुझं चहापाणी असेलच. संक्रांतीला सात ते नऊ हुडकेश्वरची लाइट घालवता येईल का? आमचीच गेली तर संशय येईल, तेव्हा सगळ्यांचीच घालव.

ता. क. २ – पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात हिने विचारलं, कोनाले लिहून राहिले? तुझं नाव सांगितलं तर म्हणाली, "मग माह्याकडूनही लिहा ना, भाऊजींले म्हना दादा येईन तवा लाइट घालवा." काहून वं, म्हणून विचारलं तेव्हा रडायलाच लागली. मेहुणे गेल्या गेल्या तिने उजव्या स्पीकरचं ते कापड धुवायला काढलं होतं. आतला काळा कागद, ज्याच्या थरथरण्याने आवाज निघतो, तो ओल्या फडक्याने पुसताना बोट आरपार गेलं. भोकावर तिने वर्तमानपत्राचा तुकडा कणकेच्या खळीने चिकटवला. आठ महिने तोच फरफरतो आहे.

मला रागावायचं होतं, पण हसूच आलं, आणि मग तीही हसली. तेव्हा ही विनंती दोघांची समज. कंदील लावला तरी मंदच ठेवू. दादासमोर खोटं बोलताना तिला म्हणे चेहरा सांभाळता येत नाही, लगेच ओळखू येतं. मी आठ महिने तो चेहरा भर उजेडात पाहत होतो.