आईच्या कबरीशी दहा जण

अहमदनगर, ता. ७ नोव्हेंबर १९४९

शालोम.

चि. हायम यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

मुंबईला गेल्यापासून तुझी शाई वाळली वाटतं! असो. आईला जाऊन वर्ष होईल. रविवारी, २७ तारखेला, कबरीवर दगड बसवायचा आहे. कद्दीशची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात आणि नगरात आपले यहुदी पुरुष नऊच उरलेत. दहावा तू. सबब सांगू नकोस.

कबरस्तानाची दशा बघवत नाही. पलटणीतून आलेले आपले जुने सुभेदार निजलेत, त्या बाजूची भिंत पावसाळ्यात पडली. दोन कबरींचे दगड कोणी धुणं धुवायला नेले. राखणदार पीरमहंमद थकला. शेळ्या हाकलतो, तेवढंच. मामा-मामी खुशाल आहेत.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी अक्का, लेया

मुंबई, ता. १४ नोव्हेंबर १९४९

ती. अक्कास हायमचा सा. न. वि. वि.

रागावू नकोस, येतोय. शनिवारी शब्बाथ उतरला की निघतोच.

गोड बातमी ऐक. शिमशोनमामा वर्षभर मागे लागले होते ना? इस्राएलला जाणाऱ्यांच्या यादीत माझ्याबरोबर मामा, मामी आणि दोन्ही तरुण मुलग्यांची नावं मी खटपट करून घातली. तूही चल. ओसाड कबरस्तानापाशी किती दिवस बसणार?

धाकट्यावरचा जीव आहे तसा राहू दे.

तुझा हायम

अहमदनगर, ता. २४ नोव्हेंबर १९४९

चि. हायम यास आशीर्वाद.

तू येऊ नकोस. मामांना बोलावणं आलं आणि मंगळवारी सगळं घर गेलं. मामा दारात रडले. मीच म्हटलं, जा. आता तुला धरून सातच. तू भलं करायला गेलास, तुला काय बोलू? पण नवांतले तीन तूच उचललेस, हे तुझ्या ध्यानातही आलं नाही.

दगड मी कालच बसवून घेतला. पीरमहंमदने विचारलं, दुवा न्हाई का म्हनायची? मी म्हटलं, आमच्यात त्याला दहा पुरुष लागतात. तो म्हणाला, की बाई, हितं तर शंभरावर हायेत. मला तिथंच रडू कोसळलं.

बोलावणं येताच तू जा. माझे मालक याच मातीत आहेत, मी येणार नाही. कद्दीश तिकडे म्हण, तिथं दहा मिळतील. उरलेल्या सहा म्हाताऱ्यांच्या बायका कधीच वारल्या, आता मामीही इस्राएलला निघाल्या. बाईच्या मयताला बायकांनीच न्हाऊ घालायचं असतं; आईला मी आणि मामींनी न्हाऊ घालून पांढरं नेसवलं होतं. माझ्या वेळी कोण, तेवढं जाण्याआधी कळव.

लोभ जड नसतो, सोबत ने.

तुझी अक्का, लेया