काविळीची सुई

कुरखेडा, फेब्रुवारी १९९९

आईले पुनमचा नमस्कार,

मी मजेत आहे. आमच्या दवाखान्यात नर्स लोकांसाठी काविळीची सुई आली, कावीळ होऊ नये म्हणून. रोज दुसऱ्यांच्या लेकरांले टोचणाऱ्या आम्ही, पण कोणीच पुढं होईना. थोरल्या सिस्टर आशाबाई मले म्हणाल्या, "तुझं नवीन लग्न. सुईनं लेकरू नाई झालं तं?"

मले माझ्यासंगं राहणारी कुंदा आठवली. काविळीच्या पेशंटले टोचलेली सुई तिच्या बोटात घुसली अन् ती काविळीनं गेली. तुले तेव्हा कळवलं नव्हतं. मी सुई घेतली.

दुसऱ्या दिवशी आशाबाईनं माझं कपाळ चाचपून पाह्यलं, ताप नव्हता. मंग स्वतःचा दंड पुढं केला. "हळू टोचजो वं माय!"

बाबाचा खोकला कसा आहे? सासूबाई भेटल्या तं सुईचं बोलू नको.

तुझी पुनम